चिंचेनं घासलेले एक्केचाळीस पैसे

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. यंदाच्या भीमजयंतीआधीच्या रविवारी, सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान, नांदेडमध्ये, आमच्याच घरामागच्या मोरीवर. अन्याय करणारी मी. साक्षीदार आई, आणि चिंच भिजवून दिली तीही तिनंच.

पत्रक लिहायचं तर असंच सुरू करायचं, असं मला संघटनेत शिकवलंय. कुणावर, कधी, कुणी. गोल गोल बोलायचं नाही. सहा वर्षं मी हेच करते आहे. वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, बसस्टँडवरच्या बायकांच्या मुतारीवर लिहिलं, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर तर इतकं लिहिलं की छापखानेवाला म्हणायचा, "ताई, मागचाच मजकूर लावू का? तारीख फक्त बदलतो." प्रत्येक वेळी दोषी माणूस टेबलाच्या पलीकडं बसलेला असायचा. या वेळी तशी सोय नाही.

पप्पा एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं नांदेड–हदगाव रस्त्यावर गेली, शेवटची काही नांदेड–लातूरवर. कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या काळी खेड्यातून प्रवास केलेला नाही. कंडक्टर म्हणजे त्या रस्त्याचं पोस्ट आणि मेडिकल. "साहेब, तेवढे डोळ्याचे थेंब आणता का उद्या?" "कंडक्टर, माझ्या लेकीला सांगा, पोळ्याला यायचं म्हणून." पप्पा आणायचे, सांगायचे. औषधाचे पैसे घ्यायचे, वर काही घ्यायचे नाहीत. कुणी फारच भीड घातली तर म्हणायचे, "घरात जुना पैसा पडला असंल तर द्या. न चालणारा."

लोक हसायचे. चालणारा सोडून न चालणारा मागणारा कंडक्टर त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण द्यायचे. कापसाच्या रानात नांगराला लागलेला निजामाचा ढब्बू, उर्दू अक्षरांचा, जाड, बिस्किटासारखा. नातवाच्या करदोट्यात ओवलेला इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा. एकानं तर डिझेल इंजिनाच्या नटाखाली वायसर म्हणून लावलेला भोकाचा पैसा पान्ह्यानं उघडून बसच्या खिडकीतून दिला होता. पप्पांनी विचारलं, "अन् इंजिन?" तो म्हणाला, "नट ढिला झाला तर तुमच्या नावानं बोंबलतो. जा."

असे एक्केचाळीस. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आणा असो, पै असो, आमच्या घरात सगळ्यांना पैसाच म्हणत. प्रत्येक पैसा रद्द झालेल्या तिकिटात गुंडाळलेला, आणि तिकिटाच्या कोऱ्या बाजूला पप्पांचं बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर. "हदगाव स्टँड. केळीवाल्या मावशी. डोळ्याचे थेंब." "वारंगा फाटा. म्हातारबा. पोराच्या निकालाचा पेपर आणला. पोरगं पास." लहानपणी ताप आला की मी डबा मागायची. पप्पा एकेक पुडी सोडायचे, वाचायचे, पैसा माझ्या तळहातावर ठेवायचे. थंड लागायचा. मग परत पुडी. पैसा त्यांनी कधी पुसलासुद्धा नाही. कडेला दोन बोटांनी धरायचे, जसं गरम कपाला धरतात.

आईचं मत वेगळं होतं. डबा दिसला की म्हणायची, "काढलं का भंगार? त्या भोंगेवाल्याला देते एक दिवस, किलोवर." पप्पा म्हणायचे, "दे की. तो बी त्याच रस्त्याचा हाय, ओळखंल."

आता माझा गुन्हा.

गेल्या हिवाळ्यात मला मोबाइलवर एक व्हिडिओ आला. भोकाचा पैसा दाखवत एक माणूस ओरडत होता, हा तुमच्या घरात असेल तर तुम्ही लखपती. माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. फसवणूक मला वासानं कळते. पण डोक्यात एक ठिणगी पडून राहिली. आई पंधरा वर्षं लोकांचे ब्लाउज शिवते आहे, पप्पा एकच स्वेटर घालून राहिलेत, आणि ज्याची किंमत कुणालाच माहीत नाही असा डबा कपाटावर पडून आहे. माहीत नाही म्हणजे काय? किंमत कळणं हा माणसाचा हक्क आहे! मी जेवताना हे एवढ्या जोरात म्हटलं की आई म्हणाली, "आधी वरण संपव."

मी चौकशी केली. लातूरला जयंतीनंतरच्या आठवड्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथं नाणी पारखून देणारा जाणकार बसणार होता. आणि एक गोष्ट मला फोनवरच्या माणसानं सहज सांगितली: या भागातल्या संग्राहकांना एकेक टेबल देतात. आदल्या दिवशी नाणी दाखवायची, पसंत पडली तर टेबल. पुढं पाटी ठेवतात, नाव आणि गाव.

मी हे पप्पांना सांगितलं. ते भाजी निवडत होते.

"टेबल? मला?"

"तुम्हाला. पाटीवर काय लिहायचं सांगा."

बराच वेळ ते मेथीची एकच काडी फिरवत राहिले. मग म्हणाले, "निवृत्त वाहक, नांदेड आगार, असं लिवलं तर चालंल का गं? का नुसतं नाव लिवावं लागतं?"

किमतीचं त्यांनी विचारलंच नाही. मी ते पाहिलं आणि समजून घेतलं नाही. ज्या माणसाच्या डब्याला घरात भंगार म्हणतात, त्याला एकदा तरी जाणकार माणसांच्या रांगेत बसायचं होतं, एवढंच होतं ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. प्रदर्शनाला तीन आठवडे होते.

आमच्याकडं जयंतीच्या आधी घर धुऊन निघतं. भिंतींना चुना, दाराला निळा रंग, आणि घरातलं सगळं तांबं-पितळ चिंचेनं आणि राखेनं घासून अंगणात उन्हाला. घागर, तांब्या, समई, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढची पितळी मेणबत्तीदाणी. शेजारची बाई नुसत्या अंगणाकडं बघून सांगते, कुणाच्या घरची जयंती कशी. काळं पडलेलं तांबं आमच्या गल्लीत दारिद्र्याची खूण मानतात. आईनं मला लहानपणापासून हे शिकवलंय की तांब्यात तोंड दिसलं पाहिजे.

त्या रविवारी पप्पा कटिंगला गेले होते. मी मोरीवर मेणबत्तीदाणी घासत होते. चिंचेचं पाणी उरलं. आणि मला वाटलं, लातूरला हे काळेकुट्ट पैसे टेबलावर मांडणार? लोक काय म्हणतील, कंडक्टरचा डबा म्हणून? मी डबा काढला. पुड्या सोडल्या. कागद एका बाजूला, पैसे चिंचेच्या पाण्यात. नारळाच्या शेंडीनं एकेक पैसा घासला. अक्षरं उजळली. ढब्बू तर नव्या घागरीसारखा लालभडक झाला. मला इतका आनंद झाला, की मी गुणगुणत होते. पत्रक छापून हातात येतं तेव्हा होतो तसा आनंद.

घंटागाडी आली. आईनं मोरीजवळचा ओला कचरा, वाळला कचरा दोन्ही उचलले. कागदही.

पप्पा आले तेव्हा एक्केचाळीस पैसे अंगणात फडक्यावर ओळीनं चमकत होते. मी हात पाठीमागं बांधून उभी, शाबासकीच्या तयारीत. त्यांच्या मानेवर अजून कापलेले केस होते. ते उकिडवे बसले. ढब्बू उचलला, कडेनं, दोन बोटांनी. उलटा केला. सुलटा केला.

"लख्ख झाले की," म्हणाले.

"मग! तोंड दिसतंय त्यात."

"व्हय. दिसतंय." मग फडक्याच्या आजूबाजूला बघत, "अन् कागद गं, माय?"

मी आईकडं पाहिलं, आईनं गल्लीच्या टोकाकडं पाहिलं. घंटागाडीचं गाणं तिथं अजून ऐकू येत होतं, वळणावर. मी धावले. अनवाणी, चिंचेच्या हातांनी. गाडी सापडली, गाडीवाल्यानं झाकणही उघडलं. आत पाच गल्ल्यांचा सण होता. भाजीची देठं, रंगाचे डबे, भिजलेले पुठ्ठे. तिकिटं तळहातापेक्षा लहान. मी कोपरापर्यंत हात घातला. गाडीवाला म्हणाला, "ताई, सोनं पडलं का?" मी म्हटलं, "कागद." तो म्हणाला, "मग राहू द्या की."

परत आले तर पप्पा पैसे पुसून डब्यात ठेवत होते. "जाऊ दे. डोक्यात हाय सगळं," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी फक्त कागदांचं वाईट वाटलं. पैशांचं मी काय केलंय हे मला लातूरला कळलं.

लातूरच्या गाडीत पप्पा खिडकीशी बसले, इस्त्रीचा शर्ट, डबा मांडीवर. कंडक्टर तरुण होता, हातात मशीन. पप्पांनी तिकिटाचे पैसे पुढं केले तर म्हणाला, "काका, स्टाफ ना तुम्ही?"

"कशावरून?"

"गाडी सुटायच्या आधी तुम्ही मागचं दार बघितलं. पॅसेंजर बघत न्हाई."

लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं. पप्पा रस्त्यावरच्या माणसांना बघत होते. एका थांब्याशी म्हणाले, "इथं एक बाई चढायची. दोन आण्याचा चौकोनी पैसा तिनं दिलता. काय आणलं होतं बरं मी तिला?" डबा उघडून त्यांनी सवयीनं पैसा शोधला, आणि कागद नाही हे आठवून परत मिटला. "दोरा असंल. पांढरा दोरा. न्हाई, बिस्किटं."

प्रदर्शनाचा हॉल एका मंगल कार्यालयात होता. पारखणारे गृहस्थ उदगीरचे व्यापारी, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाचा करंडा, समोर हिरवं मखमली कापड आणि भिंग. पप्पांच्या आधी एक जण भोकाचा पैसा घेऊन आला होता, त्याच व्हिडिओवरून. व्यापाऱ्यानं त्याला शांतपणे सांगितलं, "भाऊ, हा पैसा टांकसाळीनं ढिगानं पाडला. जुनं म्हणजे दुर्मिळ न्हाई. तुमची आजी बी जुनी, पण आज्या गावोगाव हायेत. वीस-तीस रुपये येतील. लाखाच्या नादात कुणाला फी भरू नका." तो माणूस खट्टू झाला. मला हा व्यापारी आवडला.

मग पप्पांनी "निवृत्त वाहक, नांदेड आगार" असं सांगून डबा उघडला. व्यापाऱ्याचा हात पुढं आला आणि हवेतच थांबला. त्यांनी एक पैसा उचलला, भिंगाखाली धरला, मग नाकाशी नेला.

"चिंच?"

मी ताठ झाले.

"काका, कुणी घासले हे?"

माझं तोंड उघडलं. सहा वर्षं मी माइकसमोर उभी राहते आहे, तोंड उघडलं की शब्द येतात. पण त्याआधी टेबलाखाली पप्पांची चप्पल माझ्या पायावर आली. दाबली.

"मीच घासले," पप्पा म्हणाले. "म्हणलं, दाखवायचेत तर साफ असावेत."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. व्यापारी हसला नाही, पण म्हणाला, "एवढी वर्षं जपले अन् शेवटी भांड्यासारखे घासले? काका, तांब्यावर जो काळसर थर असतो ना, त्यालाच मोल. शंभर वर्षं हवा लागून तो चढतो. तो बघूनच माणूस सांगतो की पैसा खरा, कुणी आता पाडलेला न्हाई. तो गेला की पैसा उघडा पडला." ढब्बू उचलून ते बराच वेळ बघत राहिले. "ह्याच्यावर साल वाचता येतंय. हे सहसा येत न्हाई. हा तुम्ही आहे तसा आणला असता तर ह्या एकट्याचे मी चार आकडी सांगितले असते. आता तांब्याच्या भावापेक्षा थोडे जास्त."

"अन् टेबल?" पप्पांनी विचारलं. आवाज इतका साधा होता, जणू पुढच्या गाडीची वेळ विचारतायत.

"घासलेली नाणी टेबलावर ठेवत न्हाईत, काका. नवीन लोक बघून शिकतात, अन् घरी जाऊन तेच करतात."

मघाचा तो वीस-तीस रुपयेवाला अजून तिथंच होता, त्याला आता हसायला कुणीतरी मिळालं. "कंडक्टर होते म्हणे," तो शेजारच्याला म्हणाला, "तिकिटावरचं बारीक वाचायचे, एवढं कळंना व्हय."

हे त्यांनी ऐकलं. इस्त्रीच्या शर्टात उभं राहून ऐकलं. पैसे कडेला धरणारा त्या हॉलमध्ये दुसरा कुणी असेल तर तो व्यापारी, बाकी कुणी नव्हतं. आणि अडाणी ठरले ते पप्पा.

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. मी रडत होते आणि चिडलेही होते, माझ्यात दोन्ही एकदमच होतं. "तुम्ही खोटं का बोललात? मला बोलू का दिलं नाही? मी सांगितलं असतं ना त्यांना!"

"काय सांगितलं असतंस?"

"की मी घासले. की तुम्ही तीस वर्षं ते पुसलेसुद्धा नाहीत."

"अन् मग ते हसणारे तुला हसले असते," पप्पा म्हणाले. "तुला उद्या त्यांच्यापुढं पत्रक घेऊन उभं ऱ्हायाचंय. मला कुठं ऱ्हायाचंय?" मग डब्यावर हात ठेवून म्हणाले, "अन् त्या दिवशी तू गुणगुणत होतीस. गल्लीच्या तोंडापसून ऐकत आलो मी. लई दिवसांनी घरात कुणी गुणगुणलं. मी काय बोलणार?"

म्हणजे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, अंगणात ढब्बू उचलला तेव्हाच. टेबल गेलं हे माहीत असूनही ते शर्ट घालून लातूरला आले. मी म्हटलं, मग आलातच कशाला? ते म्हणाले, "तू तारीख घेतली होतीस."

आम्ही पायरीवरून उठलो तेव्हा तो व्यापारी दारापर्यंत आला. मला रडलेली बघून त्याच्या लक्षात आलं असावं, पैसे कुणी घासले ते. पप्पांना म्हणाला, "काका, तेल लावू नका, पावडर लावू नका. कोरड्या कापडात ठेवा. रंग परत चढतो. दहा-वीस वर्षं जातात, पण चढतो."

"दहा-वीस," पप्पा म्हणाले. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "मंग हा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तूच बघ काळे झाल्यावर."

परतीच्या गाडीत मी वही काढली. त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. केळीवाल्या मावशी, थेंब. म्हातारबा, निकालाचा पेपर. इंजिनाचा वायसर. बायका कोणत्या रंगाचं लुगडं नेसायच्या तेही सांगितलं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्यापर्यंत एकोणतीस झाले. मग ते थांबले. एक पैसा हातात घेऊन फिरवत राहिले, लाल, गुळगुळीत. "हा कुणाचा?" म्हणाले. "रंग असता तर वळखला असता. ह्याच्यावर एका बाजूला हिरवट डाग होता. त्या डागावरून याद यायची."

डाग मी घासून काढला होता.

बारा पैसे असे आहेत. ते कुणी दिले, काय आणलं म्हणून दिले, ते आता माझ्या वडिलांच्या डोक्यातही नाही. आईनं त्यांच्यासाठी बारा पिशव्या शिवल्या, ब्लाउजच्या अस्तराच्या, बोटाएवढ्या. भंगार हा शब्द ती आता काढत नाही. एकदा मी तिला डब्यावरचं झाकण लावताना पाहिलं, दोन्ही हातांनी, हळू. बारा पिशव्यांत घालायच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत.

म्हणून हे तुमच्यापुढं आलंय, आणि आता मागणी.

तुम्ही नांदेड–हदगाव किंवा नांदेड–लातूर रस्त्यावरचे असाल, तर आज घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारा, कुणा कंडक्टरला कधी न चालणारा पैसा दिला होता का, आणि बदल्यात त्यानं काय आणून दिलं. दिला असेल तर नांदेड स्टँडवर या. हदगावची गाडी लागते तिथल्या बाकावर एक अडुसष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी नऊ ते अकरा बसतो, गाडी सुटण्याआधी मागचं दार बघतो. त्याला सांगा. तुम्ही त्या रस्त्याचे नसाल, तरी सुटलात असं नाही. तुमच्या घरातही कपाटावर एक डबा आहे आणि त्याचा मालक आज जेवायला घरी आहे. चिंच बाजूला ठेवा, वही घ्या, त्याच्यासमोर बसा आणि एकेक वस्तू त्याला दाखवून विचारा. उद्या नाही. आज.